गडद कपडे, फिकट कपडे आणि हवामान: रंगाचे काम नेमके कुठे संपते?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार. उन्हाळ्यात फिकट कपडे घालावेत आणि थंडीत गडद, हे आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेले आहे. काळा रंग उष्णता शोषतो आणि पांढरा परतवतो, या एका वाक्यावर तो सगळा सल्ला उभा आहे. वाक्य खोटे नाही. दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातलेले एकाच कापडाचे काळा आणि पांढरा असे दोन सदरे भर दुपारी काढून आणताना फरक हाताला लगेच कळतो. काळ्याच्या खांद्याची शिवण, जिथे कापड दुहेरी-तिहेरी असते, तिथे बोट टेकवले तर ते मागे घ्यावेसे वाटते, आणि पांढऱ्याची तीच शिवण केवळ कोमट लागते.

अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी हीच गोष्ट बर्फावर करून पाहिली होती. शिंप्याकडच्या नमुन्यांतले निरनिराळ्या रंगांचे लोकरी कापडाचे लहान चौकोनी तुकडे त्यांनी स्वच्छ उन्हाच्या सकाळी बर्फावर पसरून ठेवले. काही तासांनी काळा तुकडा सर्वांत खोल रुतला होता, गडद निळा जवळजवळ तितकाच, फिकट रंगांचे तुकडे त्याहून कमी, आणि पांढरा मात्र बर्फात अजिबात न शिरता होता तिथेच होता. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की उष्ण आणि उन्हाच्या प्रदेशात काळे कपडे सोयीचे नाहीत आणि उन्हाळी टोप्या पांढऱ्या असाव्यात.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. माझी अडचण पुढची आहे. जगातल्या अतिशय रखरखीत वाळवंटांपैकी काहींत राहणारे बदाउनी लोक पिढ्यानपिढ्या घोळदार काळे झगे वापरत आले आहेत. उन्हाशी ज्यांची रोजची गाठ आहे त्यांना एवढी साधी गोष्ट कळली नसेल, हे मला पटत नाही. तेव्हा कपड्याच्या रंगाचा शरीराच्या तापमानाशी खरा संबंध किती, आणि कोरड्या, दमट, थंड किंवा उंचावरच्या हवामानात तो कसा बदलतो, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

एक खुलासा आधीच करतो. 'भडक' आणि 'फिकट' हे शब्द आपण सैलपणे वापरतो. भडक पिवळा सदरा डोळ्यांत भरतो, पण त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग तो परत पाठवतो. गडद निळा सदरा नजरेला शांत वाटतो, पण बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे या धाग्यापुरता प्रश्न गडद विरुद्ध उजळ असा धरावा. भडकपणाचा विचार वेगळा करता येईल.

शंकासुर

वाळवंटातले लोक काळे घालतात, हे विधान अर्धवट आहे. अरबी आखातातल्या देशांत पुरुषांचा पायघोळ झगा उन्हाळ्यात प्रामुख्याने पांढराच असतो आणि हिवाळा आला की करड्या, तपकिरी, काळसर रंगांचे जाड झगे बाहेर निघतात. म्हणजे तिथेही ऋतूप्रमाणे रंग बदलतो, आणि तोही शाळेच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच बदलतो. शिवाय माणूस कपडे केवळ उन्हासाठी निवडत नाही. रीत, प्रतिष्ठा, जवळ कोणत्या रंगाची लोकर आहे, मळ किती दिसतो, अशी कितीतरी कारणे त्यामागे असतात. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणजे तिच्यामागे शास्त्र असलेच पाहिजे, अशी समजूत करून घेऊन आपण उत्तर शोधायला निघालो की मनासारखे उत्तर सापडतेच.

निळी_शाई

शंकासुर यांचा इशारा योग्य आहे, पण या बाबतीत कोणी तरी प्रत्यक्ष मोजमाप केलेले आहे. श्कोल्निक, टेलर, फिंच आणि बोरुत या चौघांचा एक छोटा लेख १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला होता आणि त्याचे शीर्षकच 'बदाउनी लोक उष्ण वाळवंटात काळे झगे का घालतात' अशा अर्थाचे होते. मृत समुद्र आणि एलातचे आखात यांच्या मधल्या खोलगट नेगेव वाळवंटात त्यांनी एका माणसाला भर दुपारी सूर्याकडे तोंड करून अर्धा-अर्धा तास उभे केले. एकदा काळा बदाउनी झगा, एकदा तशाच शिवणीचा पांढरा झगा, एकदा सैनिकी खाकी गणवेश आणि एकदा फक्त अर्धी चड्डी. हवेचे तापमान ३५ ते ४६ अंश सेल्सिअस होते. काळ्या झग्याने पांढऱ्यापेक्षा बरीच जास्त उष्णता शोषली, यात नवल काहीच नव्हते. नवल पुढे होते: माणसाच्या शरीराला मिळालेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. काळ्या कापडाने जादा घेतलेली उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत निघून गेली होती.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. ऊन शोषले जाते ते कापडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. जाडसर, घट्ट विणीच्या काळ्या कापडात प्रकाश आत शिरतच नाही. बाहेरचा थर तापतो आणि त्यावरून वाहणारा वारा ती उष्णता बाहेरच्या बाहेर उचलून नेतो. झगा सैल असल्यामुळे कापड आणि अंग यांच्यात हवेची पोकळी राहते. चालताना घोळ हलतो तेव्हा लोहाराच्या भात्याप्रमाणे ही हवा आतबाहेर होते, आणि उभे असताना आतली तापलेली हवा धुराड्यातल्या धुराप्रमाणे गळ्याकडून वर निघून जाऊन खालून दुसरी हवा आत येते. उलट पांढऱ्या कापडावर पडलेला काही प्रकाश परत फिरतो खरा, पण काही प्रकाश धाग्यांवरून उसळत उसळत आत जातो आणि कातडीजवळ जाऊन तिथे शोषला जातो. तिथे शोषली गेलेली उष्णता वाऱ्याच्या हाती लागत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीतही असेच दिसले आहे. ग्लेन वॉल्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काळ्या आणि पांढऱ्या कबुतरांच्या पिसाऱ्यांवर मोजमापे केली. वारा नसताना काळा पिसारा पांढऱ्यापेक्षा खूपच अधिक उष्णता आत पोहोचवत होता. वारा वाढत गेला तसा फरक कमी होत गेला, आणि पिसे फुलारलेली असताना वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरच्या पुढे गेल्यावर तर काळ्या पिसाऱ्याखालच्या कातडीला पांढऱ्यापेक्षा कमी उष्णता मिळू लागली.

शंकासुर

मग लेखाचा निष्कर्ष नीट शब्दांत मांडू या, कारण इथे नेहमी घोटाळा होतो. काळा झगा पांढऱ्यापेक्षा थंड असतो, असे त्या लेखात म्हटलेले नाही. दोन्ही सारखेच, एवढेच म्हटले आहे, आणि तेही त्या विशिष्ट झग्याच्या, त्या विशिष्ट वाऱ्याच्या संदर्भात. 'काळे घाला, गार वाटेल' असा सल्ला त्यातून निघत नाही. निघते ते एवढेच की झगा पुरेसा सैल आणि जाड असेल तर रंगाची चिंता सोडावी आणि आवडेल तो रंग घालावा.

टाके_दोरा

मी कपडे शिवते, त्यामुळे माझे लक्ष रंगाआधी कापडाकडे जाते. फ्रँकलिन यांचे तुकडे बर्फाला चिकटलेले होते, हे कोणाच्या लक्षात आले का? कापड आणि बर्फ यांच्यामध्ये काहीच नव्हते. शोषलेली उष्णता वर वाऱ्याला आणि खाली बर्फाला अशी दोघांत वाटली जात होती, आणि खालचा वाटा थेट मिळत होता. अंगाला चिकटून बसणारा काळा टी-शर्ट हा असाच बर्फावरचा तुकडा आहे. पाठीवर ऊन पडले की तो तापतो आणि ती धग सरळ पाठीला लागते. तोच काळा रंग चार बोटे ऐसपैस शिवलेल्या सदऱ्यात असेल तर ती धग खांद्यांपुरती उरते, कारण सदरा खऱ्या अर्थाने अंगाला टेकतो तो खांद्यांवरच. बाकी सगळा लोंबतो. मापे घेताना गिऱ्हाईक गडद रंगाचे कापड घेऊन आले की मी बगलेत आणि पाठीत थोडी जास्त सूट ठेवते. हे माझे मी शिकलेले, कोणत्या पुस्तकातले नव्हे.

दुसरी गोष्ट रंगाबद्दलच आहे. डोळ्यांना दिसतो तो काळा आणि उन्हाला दिसतो तो काळा हे एकच असतात असे नाही. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. कापसाच्या कापडावर वापरले जाणारे कितीतरी काळे रंग दृश्य प्रकाश पिऊन टाकतात, पण जवळच्या अवरक्त किरणांना अडवत नाहीत; ते किरण धाग्यांवरून उलटून परत जातात. याची खात्री घरबसल्या होते. रात्री अंधारात चालणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून बघितले, जो स्वतःच अवरक्त दिवे लावून बघत असतो, तर दिवसा काळाकुट्ट दिसणारा सदरा त्यात चक्क राखाडी-पांढुरका दिसतो, आणि त्याच्याच शेजारचा दुसरा काळा कपडा मात्र काळाच राहतो. दुसऱ्यात बहुधा काजळीसारखा कार्बनचा रंग असतो आणि तो सगळेच किरण गिळतो. म्हणजे दुकानात एकाच रंगाचे म्हणून ठेवलेले दोन काळे सदरे उन्हात सारखे तापतीलच असे नाही. झाडाची पाने गडद हिरवी असूनही तव्यासारखी तापत नाहीत, त्यालाही अवरक्त किरण परतवण्याची हीच सवय काही अंशी कारणीभूत आहे.

जुना_वाचक

टाके_दोरा, कॅमेऱ्याची गोष्ट वाचून लगेच करून पाहिली. माझा काळा कुडता भुतासारखा पांढरा दिसला आणि छत्री मात्र काळीच राहिली!

माझी एक शंका आहे. काळी वस्तू उष्णता चांगली शोषते तशीच ती चांगली उत्सर्जितही करते, असे भौतिकशास्त्रात शिकलो होतो. मग सावलीत किंवा रात्री काळे कपडे अंगातली उष्णता अधिक वेगाने बाहेर टाकत असतील ना? तसे असेल तर सावलीत काळे आणि उन्हात पांढरे असा नियम करावा लागेल, आणि थंडीत घरात बसताना पांढरे घालावे लागतील.

निळी_शाई

हा गैरसमज फार जुना आहे आणि त्यात एक पायरी गळलेली असते. चांगला शोषक हा चांगला उत्सर्जक असतो हे खरे, पण ते त्याच तरंगलांबीपुरते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा असल्यामुळे त्याच्या प्रकाशाचा जोर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशात असतो. आपली कातडी आणि कपडे तीस-पस्तीस अंश सेल्सिअसचे असतात, त्यामुळे ते जी उष्णता किरणांवाटे बाहेर टाकतात तिचा जोर साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. त्या पट्ट्यात काळे सुती कापड आणि पांढरे सुती कापड यांत जवळजवळ काहीच फरक नाही. दोन्ही तिथे 'काळी'च आहेत. गोरी, सावळी, काळी अशी माणसांची कातडीही त्या पट्ट्यात एकसारखीच काळी असते. तेव्हा रात्री, सावलीत आणि घरात कपड्याच्या रंगाने अंगाच्या उष्णतेत काहीही फरक पडत नाही. तिथे जाडी, वीण आणि थर यांचेच राज्य असते.

त्या पट्ट्यात खरोखर वेगळे वागणारे कापड करायचे तर रंग बदलून चालत नाही, पदार्थ बदलावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे पॉलिथिलीन असे वापरून दाखवले होते. डोळ्यांना ते अपारदर्शक पांढरे दिसते, पण शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांना ते बहुतांशी मोकळे असते, त्यामुळे त्याखालची कातडी सुती कापडाखालच्यापेक्षा थंड राहते.

थोडे अवांतर: रंगाचे महत्त्व निर्भेळ स्वरूपात बघायचे असेल तर अंतराळात जावे लागेल. तिथे वारा नाही, त्यामुळे शोषलेली उष्णता उचलून नेणारे कोणी नाही. अंतराळयानाबाहेर काम करताना घालायचा पोशाख पांढरा असतो, त्याचे एक मोठे कारण हेच. पृथ्वीवर रंगाचा परिणाम आपल्याला अनेकदा पुसट वाटतो तो वाऱ्याच्या कृपेने.

धुकट

वरची सर्व चर्चा कोरड्या हवेची आहे. मी ज्या हवेत राहतो ती वर्षातले बरेच महिने ओल्या पंचासारखी असते, आणि इथे काळा की पांढरा हा वाद मला दुय्यम वाटतो. कारण सांगतो. कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता नेतो. हवा पस्तिशीच्या वर गेली की तोच वारा उष्णता आणून ओतू लागतो, आणि मग शरीराच्या हाती घाम वाळवणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, ही फार मोठी रक्कम आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करतो, म्हणजे तेवढी उष्णता निर्माण व्हायला त्याला सहा-सात तास लागतात. पण अट अशी की घाम वाळला पाहिजे. गळून पडलेला किंवा कापडात साचून राहिलेला घाम फुकट जातो.

दमट हवेत घाम वाळत नाही, ढगाळ आकाशामुळे ऊनही विरलेले असते आणि वारा नसतो. अशा वेळी गडद-फिकट यांतला फरक उरतो तो थोडा, आणि कापड पातळ आहे की जाड, सुटसुटीत आहे की घट्ट, यातला फरक मोठा होतो. काळ्या सदऱ्याचा एक उपयोग मात्र आहे: तो तुम्हाला किती घाम आला होता त्याची नोंद ठेवतो. दिवसभर फिरून आल्यावर सदरा खुंटीला लावला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकाबाहेर एक. प्रत्येक रेषा म्हणजे एकदा भिजून वाळलेली पाठ. पांढऱ्या सदऱ्यावर हे दिसत नाही, म्हणून पांढऱ्यात घाम कमी येतो असा भास होतो.

उष्णतेचा ताण मोजण्याची एक रूढ पद्धत आहे, जी १९५० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने पुढे आली. तिच्यात तीन तापमापक असतात: ओल्या कापडात गुंडाळलेला, १५ सेंटिमीटर व्यासाच्या काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यातला, आणि सावलीतला साधा. अंतिम आकडा काढताना ओल्याला ०.७, काळ्या गोळ्याला ०.२ आणि साध्याला ०.१ असे वजन देतात. उन्हाचा प्रतिनिधी असलेल्या काळ्या गोळ्याला मिळणारे वजन ओल्या तापमापकाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे, यातच सगळे आले.

शंकासुर

सगळे आले नाही. त्या पद्धतीतला ओला तापमापक सावलीत नव्हे तर उघड्यावर, उन्हात ठेवलेला असतो, त्यामुळे उन्हाचा काही भाग त्या ०.७ मध्येही मोजला जातो. शिवाय ही वजने एकूण ताण सांगतात, कपड्याच्या रंगाचा वाटा सांगत नाहीत. दमट हवेत रंग गौण ठरतो, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण ते सिद्ध करायला हा आकडा चालणार नाही. दमट प्रदेशातही पाऊस उघडून कडक ऊन पडते, आणि तेव्हा घट्ट काळा टी-शर्ट घालून वारा नसलेल्या मैदानात उभे राहणाऱ्याला रंगाची किंमत कळतेच.

धुकट

मान्य. आकड्याचा आधार मागे घेतो, मिठाच्या रेषा मात्र राहू द्या.

उन्हाची_तिरीप

थंड प्रदेशांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. विषुववृत्ताजवळ दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या अंगाचा फारच थोडा भाग थेट उन्हात येतो: डोके, खांदे, नाकाचा शेंडा. ध्रुवांकडे जावे तसा हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाजवळ राहतो आणि त्याचे तिरके किरण छातीवर किंवा पाठीवर सरळ पडतात. ऊन कमजोर, पण झेलणारे क्षेत्र मोठे. गडद कोटाचा फायदा घ्यायचा तर तो इथे घेता येतो. तरीही एक अट आहेच, आणि ती वर निळी_शाई यांनी सांगितलेलीच आहे: वारा नसावा. कोट जितका जाड आणि उबदार, तितका त्याचा बाहेरचा पृष्ठभाग अंगापासून दूर. आणि थंड वारा सुटला की त्या पृष्ठभागाने शोषलेले ऊन अंगापर्यंत पोहोचण्याआधीच विरते. वाळवंटात ज्या कारणाने काळा झगा त्रास देत नाही, त्याच कारणाने बर्फाळ वाऱ्यात काळा कोट फारशी मदत करत नाही. मला ही सममिती फार आवडते.

उंच डोंगरांवर गणित पुन्हा बदलते. हवा गार, पण विरळ आणि स्वच्छ असल्यामुळे ऊन प्रखर. बर्फ खालूनही प्रकाश फेकतो. मी एकदा बर्फाच्या उतारावर गडद निळे जाकीट घालून न्याहारीसाठी थांबले होते, वारा पूर्ण पडलेला होता. उजवी बाजू सूर्याकडे होती. तिकडच्या बाहीवर हात ठेवला तर ती शेकोटीजवळून उठून आल्यासारखी गरम होती, आणि डाव्या बाहीच्या घडीत बर्फाचे कण तसेच कोरडे टिकून होते. एकाच जाकिटात दोन ऋतू होते. त्या उबेच्या भरात मी आतला लोकरी थर काढला नाही, चढताना भरपूर घाम आला, आणि ढग आल्याबरोबर ओला थर अंगाला असा गार पडला की पुढचा तासभर दात वाजत होते. गडद जाकिटाची ऊब उसनी असते. सूर्य ढगाआड गेला की ती त्याच क्षणी परत मागितली जाते. म्हणून तिच्या भरवशावर थर ठरवू नयेत.

टाके_दोरा

उंचीचा विषय निघालाच आहे तर अतिनील किरणांचे सांगायला हवे, कारण तिथे गडद रंगाची बाजू खरोखर वरचढ आहे. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कापड हे किरण किती अडवते ते मोजण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदा एक मानक ठरवले. त्यात ५० हा अंक म्हणजे पन्नासातला एकच भाग आत जातो. या मापाने नेहमीचा पातळ पांढरा सुती टी-शर्ट पाच ते आठच्या घरात येतो आणि भिजल्यावर तर आणखी खाली उतरतो, कारण ओले पांढरे कापड अर्धपारदर्शक होते. तेच कापड गडद रंगवले तर रंगच ते किरण शोषून घेतो आणि अंक वाढतो. अंगाला गारवा देणारा पातळ पांढरा सदरा कातडीला मात्र उघडे टाकत असतो. पांढऱ्यातच राहायचे असेल तर घट्ट विणीचे कापड घ्यावे. वीण ही रंगापेक्षाही जास्त काम करते.

वाटसरू_७

दोन मुद्दे थोडक्यात. डास: २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की एडिस इजिप्ती जातीचे डास श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यावर लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी-हिरवट रंगांकडे वळतात आणि हिरव्या, जांभळ्या, निळ्या व पांढऱ्या रंगांकडे दुर्लक्ष करतात. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग आवडतो, म्हणून तिचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे असतात. तेव्हा दमट प्रदेशात फिकट कपड्यांचा हा वेगळा फायदा मोजायला हवा.

दुसरा मुद्दा दिसण्याचा, आणि धागाकर्त्यांनी बाजूला ठेवलेला भडकपणा इथे कामाला येतो. धुके, बर्फ किंवा दाट झाडीत हरवलेल्या माणसाला पांढरे कपडेही लपवतात आणि काळेही. शोधणाऱ्याला दिसतो तो चमकदार नारिंगी किंवा पोपटी. रात्री मात्र भडक रंगाचाही उपयोग नाही. गाडीच्या दिव्याचा प्रकाश उलट फेकणाऱ्या पट्ट्याच तिथे वाचवतात.

जुना_वाचक

वरच्या चर्चेवरून केसांचा विचार मनात आला. डोक्यावर बारा महिने काळे आच्छादन घेऊन हिंडणारे आपण सगळेच त्या बदाउनींचे भाऊबंद झालो. २०२३ मध्ये टीना लसीसी, नीना जब्लॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी तापवता येणाऱ्या पुतळ्याला माणसाच्या काळ्या केसांचे तीन निरनिराळे टोप घालून, त्यावर वारा आणि कृत्रिम ऊन पाडून मोजमापे केली होती. कोणत्याही केसांमुळे डोक्याला पोहोचणारे ऊन कमी होते, पण घट्ट कुरळ्या केसांनी ते सर्वांत कमी झाले. रंग तिन्ही टोपांचा काळाच होता. फरक पडला तो उन्हाने तापणारा थर डोक्याच्या कातडीपासून किती उंच उभा राहतो याने.

आता खरा प्रश्न. काळी छत्री उन्हात वापरावी की नाही? माझ्याजवळ तीच एक आहे, आणि कॅमेऱ्यातही ती काळीच दिसली!

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारला होता काळ्या-पांढऱ्याचा, आणि तुम्ही मला सारखे कापड आणि अंग यांच्या मधल्या जागेकडे नेलेत. टाके_दोरा यांचे फ्रँकलिनच्या तुकड्यांबद्दलचे निरीक्षण मला आधी सुचायला हवे होते.

जुना_वाचक, तुमच्या छत्रीचा प्रश्न मी काल दुपारी करून पाहिला, कारण माझ्याकडेही काळीच आहे. वारा जवळजवळ नव्हता. आधी छत्री नेहमीच्या सवयीप्रमाणे खाली ओढून, काड्या केसांना लागतील इतक्या जवळ धरली; पाचेक मिनिटांत टाळूवर तव्याशेजारी उभे राहिल्यासारखी धग जाणवू लागली, कारण तापलेले कापड स्वतःच खाली उष्णता फेकत होते. मग दांडा पूर्ण वर करून हातभर अंतर ठेवले. धग गेली असे म्हणणार नाही, पण ती डोक्यावर बसायची थांबली, आणि मंद झुळूक आली तेव्हा छत्रीच्या कडेखालून हवा फिरल्याचे कपाळाला कळले. अतिनील किरण अडवायला काळे कापड चांगलेच, तेव्हा छत्री टाकून देऊ नका. आत काळे आणि बाहेर चंदेरी अशा छत्र्या मिळतात, त्यांत ऊन वरच्या वर परतते आणि जमिनीवरून उसळून आलेला प्रकाश आतला काळा थर पिऊन टाकतो. नवी घ्यायची झाल्यास ती बघा. तोपर्यंत दांडा उंच धरा. हात दुखतो, एवढाच त्रास.